नातीला उचलण्याचा अधिकार

आरोग्य योजनेच्या दवाखान्यात, लशीच्या रांगेत, एक बसचालक पळ काढण्याच्या विचारात उभा होता. तोच पुढील धिप्पाड लोहाराचा आणि तान्हुलीला घेऊन आलेल्या त्याच्या लेकीचा संवाद त्याच्या कानी पडला.

"बाबा, माझ्या योजनेत यंदापासून आईवडिलांनाही फ्लूची लस फुकट आहे."

"फुकटची सुई काय कमी टोचते?"

"दर थंडीत तुम्ही अंथरूण धरता. बाळाला लागण झाली तर? लस घेतल्याशिवाय नातीला हात लावायचा नाही."

"अगं, जन्मल्यापासून लांबूनच बघतोय! आगीशी खेळणारा माणूस मी."

"मग सुईला का भिता?"

"आग निदान समोरून येते गं!"

"चला आजोबा!" परिचारिकेने पुकारले.

लोहार रणांगणी निघाल्याप्रमाणे आत गेला. एक गर्जना झाली, आणि तो छाती काढून बाहेर आला.

"कळलंसुद्धा नाही!"

"मग ओरडलं कोण?"

"मागच्यांना धीर यावा म्हणून ओरडलो."

"हात धुतले?"

"कोपरापर्यंत!"

"मग घ्या. मान सांभाळा."

"ऐरण उचलणाऱ्याला शिकवतेस? आण इकडे... अरेच्चा, ही तर माझ्याकडेच बघतेय!"

"पुढचे कोण?"

"मी," बाही सरसावीत बसचालक उत्तरला.