चीजचा नियम वाचला, माणसाचा राहून गेला

विमानतळ पोलीस चौकी, रीगा. १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे.

मी वेल्ता बार्कोव्स्का, वय ५९ वर्षे, शाळेच्या उपाहारगृहात स्वयंपाकीण, राहणार लिवानी, स्टेशनमागची चौदा नंबरची इमारत, फ्लॅट नऊ. लॅटव्हियाची नागरिक. निरीक्षक राइव्हो लापिन्स यांनी समोर बसवून विचारले, त्यावरून शुद्धीवर राहून आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, असे सांगते की,

वरील पत्त्यावर मी नवरा अनातोलिस बार्कोव्स्किस, वय ६१, याच्यासोबत राहते. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षे झाली. तो आधी काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, आता शाळेची बस चालवतो. मुलगी इनेसे नवऱ्यासोबत इंग्लंडात लीड्स येथे राहते. तिला जूनमध्ये मुलगा झाला. बाळंतपणात तिची शस्त्रक्रिया झाली, म्हणून तिला एवढ्यात प्रवास करता येत नाही. बाळ चार महिन्यांचे आहे आणि आम्ही ते फक्त फोनवर पाहिले आहे. शरद ऋतूच्या सुट्टीला जोडून दोन आठवडे तिच्याकडे राहायचे ठरले. माझ्या नवऱ्याने अकरा वर्षांत घेतलेली ही पहिली सलग दोन आठवड्यांची रजा.

प्रवासाचे नियम मी स्वतः वाचले. इंग्लंडात जायला लॅटव्हियाच्या नागरिकांना आता ओळखपत्र चालत नाही, पासपोर्ट लागतो. व्हिसा लागत नाही, पण फोनवरून आधी एक परवानगी काढावी लागते. ती मी माझ्यासाठी काढली. दूध आणि मांसाचे काहीही नेता येत नाही, हेही वाचले. हे पान मी तीन वेळा वाचले, कारण इनेसेला मी केलेले जिऱ्याचे चीज आवडते आणि काही पळवाट मिळते का ते मला पाहायचे होते. मिळाली नाही. चीज शेजारणीला देऊन टाकले. राईचा पाव आणि लोकरीचे मोजे चालतात, ते घेतले.

निरीक्षकांनी विचारले की, नवऱ्याचा नियम वाचला होता का. नाही वाचला. त्या पानावर ‘लॅटव्हियाचे नागरिक’ असे लिहिले होते आणि मी ते ‘आम्ही दोघे’ असे वाचले. अख्खे गाव तसेच वाचेल.

माझा नवरा नागरिक नाही. त्याच्या पासपोर्टावर ‘बिगरनागरिक’ असे छापलेले आहे. तो पासपोर्ट याच देशाने दिलेला आहे. त्याचे वडील सोव्हिएत काळात बेलारूसमधून कारखान्यात कामाला आले, म्हणून देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याला नागरिकत्व आपोआप मिळाले नाही. माझे आजोबा युद्धाआधीपासून इथले, म्हणून मला काही न करता मिळाले. तो लिवानीत जन्मला. सुट्टीतले प्रवास सोडले तर लिवानीच्या बाहेर तो सैन्यातली दोन वर्षे आणि जानेवारी ९१ मधले आठ दिवस राहिला. त्या आठ दिवसांत रीगाच्या रस्त्यावर सोव्हिएत रणगाडे अडवायला लोक शेकोट्या पेटवून बसले होते, त्यांत तो होता.

भाषेची आणि इतिहासाची परीक्षा दिली की नागरिकत्व मिळते. तीस वर्षे मी त्याच्या मागे लागले आहे. तो म्हणतो, “शेकोटीपाशी बसलो तेव्हा कोणी परीक्षा घेतली नाही, मग आता कशाला?” हे ऐकून डोके माझेच फिरते. तो लॅटव्हियन माझ्यासारखीच बोलतो. लिहिताना मात्र मी त्याला कधी पाहिले नाही. दुकानाची यादीसुद्धा रशियन अक्षरांत करतो आणि मी विचारले तर म्हणतो, “बटाट्याला कुठल्या भाषेत लिहिलंय ते कळतं का?”

आम्ही ग्रीसला गेलो, स्पेनला गेलो, लिथुआनियाच्या किनाऱ्यावर तर दर दोन वर्षांनी जातो. युरोपात त्याचा पासपोर्ट माझ्यासारखाच चालतो, कोणी ढुंकून पाहत नाही. त्यामुळे त्याच्या पासपोर्टावर काय लिहिले आहे ते माझ्या ध्यानातून गेले होते. माझी चूक एवढीच.

ती परवानगी संगणकावरूनही काढता येते; ती काढायला तो ऑगस्टच्या शेवटी वाचनालयात गेला होता. ‘माझं मी भरतो’ म्हणाला. घरी आल्यावर मी विचारले, “झालं?” तो म्हणाला, “जाऊन आलो.” हे खोटे नव्हते. तो जाऊन आला होता.

आज सकाळी निघण्याआधी आम्ही बॅगांवर बसून मिनिटभर गप्प राहिलो, तशी त्याच्या आईची रीत आहे. तो मिनिटाहून जास्त वेळ बसला. मी त्याला म्हणाले, “तोलिक, गाडी चुकेल.” पहिल्या गाडीने रीगाला आणि तिथून बसने विमानतळावर दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. विमान एक वाजून वीस मिनिटांचे होते.

अकराच्या सुमारास आमचा नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहून परत दिला. नवऱ्याचा पाहिला आणि कोणाला तरी फोन लावला. मग म्हणाली, “मॅडम, तुमचं झालं. यांना व्हिसा लागेल.”

मी म्हणाले, “लॅटव्हियाच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. मी स्वतः वाचलंय.”

ती म्हणाली, “नागरिकांना नाही लागत. हे नागरिक नाहीत.”

“मग कोण आहेत? बत्तीस वर्षं माझ्या घरात जेवतायत.”

“मॅडम, ते मला यंत्रात भरता येत नाही.”

ती मुलगी उद्धट नव्हती. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे नमूद करावे. तिने दोनदा फोन केला, एकदा उठून आत जाऊन आली. येताना तिचा चेहराच पडलेला होता.

तेव्हा माझा नवरा म्हणाला, “तिचं बरोबर आहे, वेल्ता.”

मी विचारले, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“वाचनालयात गेलो त्या दिवसापासून. त्यात एक रकाना होता, राष्ट्रीयत्व म्हणून. यादीत लॅटव्हिया होतं. ते दाबलं असतं तर खोटं झालं असतं. म्हणून बंद केलं.”

“सहा आठवडे? सहा आठवडे तू माझ्यासमोर बसून मोज्यांचा रंग कुठला हवा ते सांगत होतास? व्हिसाचा अर्ज तरी करायचास!”

तो म्हणाला, “त्याला कागद लागतात, वेळ लागतो. तुला सांगितलं असतं तर तू तिकिटं रद्द केली असतीस. मला वाटलं, इथं एखादं भलं माणूस बसलेलं असेल.”

मी म्हणाले, “भलं माणूस बसलंय की समोर! यंत्र भलं नाही त्याला ती काय करणार?”

मागे रांग होती. एका बाईने “बाजूला होऊन भांडा” असे सुचवले. आम्ही बाजूच्या खांबापाशी गेलो. तो म्हणाला, “तू जा. खिडकीची जागा आहे. इनेसेला सांग, बसची रजा मिळाली नाही.”

मी म्हणाले, “आता खोटं बोलायचं मी? तुला एक बटण दाबवलं नाही आणि मी पोरीच्या तोंडावर खोटं बोलू?”

मोज्यांची पिशवी त्याच्या हातात होती ती त्याने माझ्या हातात दिली. बाळाचे मोजे सर्वात वर होते.

मी त्याला म्हणाले, “पासपोर्ट दे इकडे.” त्याने दिला. मला वाटते, मी पुन्हा काउंटरवर जाऊन काही बोलेन असे त्याला वाटले असावे. मी उघडून पाहिला. पानेच्या पाने कोरी होती. त्यांतली दोन मी फाडली, मग आणखी एक. शाळेत रोज दीडशे मुलांची कणीक तिंबते, हातात जोर आहे. मग काउंटरवर जाऊन पासपोर्ट आणि पाने त्या मुलीसमोर ठेवली आणि म्हणाले, “घ्या. हा तुम्हालाही चालत नाही, मलाही चालत नाही.” ती तेव्हा फोनवर पाठ करून बोलत होती. तिने वळून पाहिले तोवर नवरा येऊन माझ्या बाजूला उभा होता आणि त्याचा हात त्या पानांवर होता. त्यामुळे कोणी फाडले हे तिने पाहिलेले नाही. खांबामुळे कॅमेऱ्यातही दिसत नाही, असे निरीक्षक सांगतात. मी सांगते, मी फाडले.

असे का केले, हा प्रश्न मला तीन वेळा विचारण्यात आला. पहिल्यांदा मी म्हणाले की, राग आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगते की, तो रांगेत पाऊण तास तो पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात छातीशी धरून उभा होता, आणि सगळे माहीत असून कसा उभा होता ते मला खांबापाशी आठवले.

पोलीस आल्यावर आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. साडेबारा वाजता इनेसेचा फोन आला. तो मी निरीक्षकांच्या परवानगीने घेतला. ती म्हणाली, “आई, बसलात का विमानात?”

मी म्हणाले, “आम्ही पोलीस चौकीत बसलोय.”

“बाबांनी काय केलं?”

“बाबांनी काही केलं नाही. तीस वर्षं काही केलं नाही, हेच केलं.”

मागे बाळ रडत होते. ती म्हणाली, “तू तरी ये ना, आई.” माझे तिकीट तोवर चालत होते. मी म्हणाले की, नाही येत. विमान वेळेवर गेले असे समजते.

सरकारी कागद फाडल्याबद्दल जी कारवाई असेल ती माझ्यावर व्हावी. माझ्या नवऱ्याच्या नावावर काही लागू नये. उद्या त्याने व्हिसाचा अर्ज केला किंवा सुबुद्धी होऊन नागरिकत्वाचा केला, तर जुन्या नोंदी उकरून काढतील आणि बाळ शाळेत जाईपर्यंत हा लिवानीतच बसेल. नियम काय आहे ते मला ठाऊक नाही. मला कुठलाच नियम ठाऊक नाही, हे आज सकाळी कळले.

यानंतर निरीक्षकांनी मला माझ्या नवऱ्याचा जबाब दाखवला. त्यात लिहिले आहे की, पासपोर्ट त्याने स्वतः फाडला, पत्नीने त्याला अडवण्याचा प्रयत्न केला आणि पत्नीला आधीपासून कशाचीच कल्पना नव्हती. यातले शेवटचे वाक्य खरे आहे. बाकी सगळे खोटे आहे.

मी विचारले, हे कोणी लिहून घेतले. निरीक्षक म्हणाले, “कोणी नाही. दुभाषी बोलावतो म्हटलं तर नको म्हणाले. त्यांनीच पेन मागितलं.”

दीड पान आहे. पूर्ण लॅटव्हियनमध्ये, आपल्या अक्षरांत, खाली सही. मी ते दोनदा वाचले. चार ठिकाणी चुका आहेत. माझ्या भावाच्या याहून जास्त होतात. मला पाणी देण्यात आले.

ज्या माणसाने सहा आठवड्यांपूर्वी खोटे होईल म्हणून एक बटण दाबले नाही, त्याचा हा जबाब आहे. तो खोटा म्हणून बाजूला काढावा, पण फाडू नये. तो कागद मला द्यावा, मला तो नागरिकत्वाच्या परीक्षेच्या कचेरीत नेऊन दाखवायचा आहे. निरीक्षक म्हणतात की, तशी तरतूद नाही. तरतूद नाही हे मी सकाळपासून ऐकते आहे. तरीही माझी मागणी शब्दशः लिहून घ्यावी.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तेच यात उतरले आहे आणि ते खरे आहे. वाचन चालू असताना पलीकडच्या खोलीतून माझा नवरा दोनदा “ती खोटं बोलतेय” असे ओरडला. ते विचारात घेऊ नये.

सही : वेल्ता बार्कोव्स्का
समक्ष : रा. लापिन्स, निरीक्षक