क्रमशः लिहायचं राहिलं

मंडळी, ऐका. एक पत्र आलं होतं आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. पत्र साधं, सात-आठ ओळींचं. त्यात भांडण नाही, तक्रार नाही. एकच प्रश्न होता — वार कोणता? आणि ज्याला ते पत्र आलं, त्या माणसाला दोन महिने तो वार सांगता आला नाही.

पूर्वरंगात आपण दानाचं बोललो. काय द्यावं, कुणाला द्यावं, ते सगळं झालं. एक राहिलं. केव्हा द्यावं? आपल्या मनासारखं झाल्यावर द्यावं, की समोरच्याला लागेल तेव्हा द्यावं? दोन्ही एकदम जमलं तर प्रश्नच नाही. पण जमत नाही तेव्हा? मागे खांबापाशी बसलेले मान हलवतायत. मान हलवू नका, शेवटी तुम्हालाच विचारणार आहे.

तर मिरजेत मोरेश्वर शिंत्रे नावाचे एक गृहस्थ. वय चौऱ्याहत्तर. सगळी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. म्हणजे लिहायचं दुसऱ्यानं आणि चुका काढायच्या यांनी. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. वाण्याकडे गेले तर वाण्यानं दोनदा "काय?" विचारल्याशिवाय तिसऱ्यांदा साखर म्हणायची हिंमत होत नसे. पण लग्नपत्रिकेत एखादा उकार चुकला की तिथलं जेवण त्यांना गोड लागत नसे. जात मात्र नेमानं. पेटीवाले हसतायत, त्यांच्या घरची पत्रिका आठवली असेल.

छापखान्यात त्यांच्या तरुणपणी मुलांचं एक मासिक निघायचं, 'भिरभिरं'. त्यात हंबीर खलाशाची गोष्ट दर महिन्याला यायची. एका महिन्यात काय झालं — हंबीर बेटावरच्या विहिरीत उतरला, वर शत्रूनं दोर कापला, आणि खाली छापलं, 'क्रमशः'. मुलं पुढच्या महिन्याची वाट बघत बसली. पुढचा महिना आलाच नाही. मासिक बंद पडलं. लेखक पुढे वारले. हंबीर विहिरीतच राहिला.

त्या शेवटच्या अंकाचं प्रूफ शिंत्र्यांनी तपासलं होतं. 'क्रमशः'चा विसर्ग नीट उमटलाय ना, हे त्यांनी भिंगातून पाहिलं होतं. पुढे वर्षभर मुलांची पोस्टकार्डं येत राहिली — हंबीरचं काय झालं? कुणी उत्तर दिलं नाही. शिंत्र्यांनीही दिलं नाही. ते काही त्यांचं काम नव्हतं. पण तेव्हापासून त्या एका शब्दाचा त्यांनी धसका घेतला. छापलेला सगळ्यात खोटा शब्द कोणता, तर 'क्रमशः', असं त्यांचं मत होऊन बसलं.

आणि हा माणूस वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी काय करतो? हंबीरला विहिरीतून बाहेर काढतो. फोनवर गोष्टी टाकायची एक जागा असते, तिथे 'हंबीर : विहिरीनंतर' म्हणून प्रकरणं टाकायला लागतो. दुसऱ्याचा नायक घ्यायचा आणि त्याची गोष्ट आपण पुढे न्यायची, याला हल्ली फॅनफिक्शन म्हणतात. नाकं मुरडू नका. पुराणातली माणसं आमची थोडीच असतात? आम्ही बुवालोक त्यांच्या तोंडी रोज आपली वाक्यं घालतो आणि वर नारळही घेतो. आम्ही त्याला आख्यान म्हणतो, एवढाच फरक.

प्रकरणं चांगली होती. साठेक लोक वाचत होते. ती येत मात्र लहरीवर. एका आठवड्यात तीन, मग वीस दिवस काहीच नाही. आणि प्रत्येकाखाली, धसका असूनही, जुन्या सवयीनं 'क्रमशः' लिहिलेलं.

सतरावं प्रकरण गेलं आणि ते पत्र आलं, फोनवरच. बार्शीहून, उज्ज्वला भोकरे नावाच्या बाईंचं.

"आदरणीय लेखक, नमस्कार. माझे वडील, आबा, शिलाईकाम करायचे. त्यांनी लहानपणी भिरभिऱ्यात हंबीर वाचला होता. आता त्यांचं डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला. चार तास पडून राहायचं असतं. तेवढ्यात मी तुमचं प्रकरण वाचून दाखवते. गेल्या मंगळवारी नवीन नव्हतं म्हणून जुनंच वाचलं. त्यांनी दुसऱ्या ओळीला पकडलं. एवढंच विचारायचं होतं, तुमचं प्रकरण कोणत्या वारी येतं? घाई नाही. फक्त वार कळवा."

आता यात अवघड काय आहे? तुम्ही-आम्ही काय केलं असतं? वार सांगून मोकळे झालो असतो आणि मग विसरलो असतो. शिंत्रे तसे नव्हते. ते उत्तर लिहायला बसले. पहिल्यांदा मायना. बाईंचं वय माहीत नाही. चिरंजीव म्हणावं तर पन्नाशीच्या असल्या तर? श्रीमती म्हणावं तर ते कसंसंच वाटेल. दोन दिवस मायन्यात गेले. मग वार. मंगळवार म्हणावं, तर मंगळवार पाळता आला पाहिजे. नाही पाळता आला तर? पुन्हा तीच पोस्टकार्डं, पुन्हा तीच विहीर.

मग त्यांनी जाणकारांचं वाचायला घेतलं. या विषयातही जाणकार आहेत. एक म्हणतो, रोज थोडं थोडं टाका. दुसरा म्हणतो, रविवारीच टाका, लोक निवांत असतात. तिसरा म्हणतो, सगळी गोष्ट लिहून झाल्याशिवाय एक अक्षर टाकू नका. शिंत्र्यांना तिघांचंही पटलं. त्यांना नेहमी समोरच्याचंच पटायचं. मग त्यांनी वाचकांचे आकडे पाहिले — बुधवारी एक्केचाळीस, रविवारी त्रेसष्ट. त्या त्रेसष्टांत बार्शीची दोन माणसं होती की नव्हती, ते काही आकड्यात दिसत नव्हतं.

त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई. त्या मेथी निवडत होत्या.

"अहो, त्या बार्शीच्या बाईंना कळवलंत का?"

"विचार चाललाय."

"गेल्या महिन्यातही चाललाच होता. लिहून किती प्रकरणं झालीयत?"

"अकरा. पण तयार नाहीत."

"लिहून झालीयत, आणि तयार नाहीत? हे काय नवीन?"

"तिसरं प्रूफ व्हायचंय."

"अकरा प्रकरणं कपाटात, आणि ती बाई बापाला शिळं वाचून दाखवतेय. तुम्ही हॉटेल नाही काढलंत ते बरं झालं. गिऱ्हाईक उठून गेलं तरी तुम्ही आत मीठ चाखत बसला असता."

शिंत्रे हसले. हसले आणि प्रूफ तपासायला गेले.

बोलता बोलता बाविसावं प्रकरण टाकायची पाळी आली; कपाटातली अकरा त्याच्या पुढची. त्यात धुकं पडतं, होडी खडकांपाशी येते, आणि शेवटचं वाक्य असं — 'हंबीरने सुकाणू सोडले आणि डोळे मिटले.' शिंत्र्यांनी पूर्णविराम तपासला. आणि सवयीनं 'क्रमशः' लिहिताना हात थांबला. पुढचं केव्हा टाकणार, हे आपलं ठरलेलं नाही. मग हा शब्द लिहायचा कोणत्या तोंडानं? त्यांनी तो खोडला. शब्दच दिला नाही, म्हणजे मोडायचा प्रश्न नाही. त्यांना अगदी हलकं वाटलं. बुधवारी त्यांनी ते प्रकरण तसंच टाकून दिलं.

मंडळी, प्रामाणिकपणाचीही एक खोड असते. माणूस स्वतःपुरता खरा राहतो आणि दुसऱ्याचं काय होतंय, ते बघायचं राहून जातं.

कारण वाचणाऱ्यांनी काय वाचलं? होडी खडकाशी. डोळे मिटले. पूर्णविराम. खाली काही नाही. म्हणजे गोष्ट संपली, हंबीर गेला. लोकांनी खाली लिहिलं — काय धाडसी शेवट. कुणी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. साठ वाचकांचे एकशे दहा झाले. आणि शिंत्र्यांनी काय केलं? चूक झाली, असं कळवलं? नाही. गप्प राहिले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना धाडसी म्हटलं होतं. दोनदा उघडून वाचलं त्यांनी ते. मी त्यांना नावं ठेवत नाही. आपणही ठेवू नये.

आठ दिवसांनी, गुरुवारी दुपारी, उज्ज्वलाबाईंचं दुसरं पत्र आलं.

"आदरणीय लेखक, गोष्ट पूर्ण केलीत, आभार मानायचे राहिले होते म्हणून लिहिते. शुक्रवारी वाचून झाल्यावर आबांनी विचारलं, खाली क्रमशः आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, लहानपणी तो शब्द आला होता आणि गोष्ट आली नाही, या वेळी शब्दच आला नाही, हे बरं झालं, निदान वाट तरी बघायला नको. या मंगळवारी ते डायलिसिसला गेले नाहीत. म्हणाले, आता तिथे छताकडे बघत पडायचं कशाला. डॉक्टर फार रागावले, दुसरी वेळ चुकली तर माझ्याकडे येऊ नका म्हणाले. उद्या शुक्रवार आहे, बघू. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, गोष्ट सुंदर होती."

शिंत्र्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पत्र तेच राहिलं.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता, म्हणून कुमुदिनीबाई हातातलं टाकून आल्या. त्यांनी उभ्यानं पत्र वाचलं.

शिंत्रे म्हणाले, "तेविसावं काढतो. एकदा शेवटचं बघून घेतो आणि—"

"ते नंतर. आधी त्यांना कळवा. आज कळलं तर उद्या जातील."

"काय कळवू? वार ठरलेला नाही."

"वार त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलाय. तुम्ही कुणाला विचारत फिरताय?"

मंडळी, इथे शिंत्र्यांना कळलं. बाईंनी वार विचारला नव्हता, वार सांगितला होता. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठच्या आत. प्रूफ तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती ओळ नीट वाचता आली नव्हती. तो तीत चूक शोधत बसला होता.

"पण आठवड्याला दोन म्हणजे," शिंत्रे म्हणाले, "अकरा प्रकरणं दीड महिन्यात संपतील. पुढे?"

"तोवर बारावं लिहाल."

"आणि नाही झालं तर?"

"तर मंगळवारी सातला लिहायचं, झालं नाही, शुक्रवारी देतो. तेही वाचून दाखवतील त्या. आबा तुम्हाला शिव्या देतील. शिव्या द्यायला तरी माणूस तिथे जाईल ना?"

"मायना काय घालू?"

"ताई म्हणा. ताई कुणालाही चालतं."

शिंत्र्यांनी लिहिलं. पाच मिनिटांत लिहिलं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. बोट पाठवायच्या बटणावर नेलं. सवयीनं एकदा वरून खाली नजर फिरवली. आणि दिसलं — 'सुकाणू'चा शेवटचा उकार ऱ्हस्व पडला होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं बोट वर उचललं गेलं. उकार दुरुस्त करायचा, म्हणजे वाक्य पुन्हा वाचायचं. वाक्य वाचलं की दुसरं खटकणार. दुसरं खटकलं की उद्या बघू.

मंडळी, त्यांचं बोट तिथेच राहू दे. मला तुम्हाला विचारायचं होतं ना, आता विचारतो.

तुमच्याकडे कुणाचं पत्र पडून आहे? मोठं काही नसेल. कुणीतरी विचारलं असेल, केव्हा येताय? कुणी लिहिलं असेल, एकदा फोन करा. तुम्ही म्हणालात, निवांत वेळ मिळाला की नीट बोलू. नीट बोलायचं म्हणून बोललाच नाहीत. देणार होतात, मनापासून देणार होतात. तुमच्या कपाटात अकरा प्रकरणं आहेत आणि तिकडे कुणीतरी जुनंच पुन्हा वाचतंय. त्यानं तुम्हाला त्याचा वार कधीच सांगून ठेवलाय. आपलं देणं शुद्ध असावं, हे खरं. पण ते शुद्ध झालं की नाही, हे ज्याला घ्यायचंय त्यानं कधी विचारलं होतं का?

घरी जाल तेव्हा चप्पल काढायच्या आधी एवढं आठवा. देवाला हात जोडाल तेव्हा नीट देण्याची बुद्धी मागा, आणि ती येईपर्यंत चुकत देण्याची हिंमत मागा. आज मी एवढंच मागून थांबणार आहे. तबला राहू द्या.

आता त्यांचं बोट सोडू या.

शिंत्र्यांनी तो उकार पाहिला. तो ऱ्हस्वच राहिला. बटण दाबलं गेलं, आणि गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, बाविसाव्या प्रकरणाच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं उत्तर पडलं —

"उज्ज्वलाताई, हंबीर जिवंत आहे. सुकाणु पुन्हा हातात घेतोय. तेविसावं प्रकरण उद्या सकाळी सात वाजता टाकतो. पुढे दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी, सातलाच. चुका राहतील. आबांना सांगा, खाली एक शब्द लिहायचा माझ्याकडून राहिला होता, तो आता लिहितो.

क्रमशः"