ब्लेडवाले काका

बोलू नका जी, बोलू नका — बोललं का छाती हालते, अन् छाती हालली का ब्लेड सरकते. तुमी फक्त ऐका. हाओ, मीच तो. तुमच्या ऋषिकेशनं बाहेर बरोबर वळखलं मले. 'तुमी ते ब्लेडवाले काका ना?' म्हणे. बापाचं उद्या सकाळी बायपास हाय अन् पोट्टा न्हाव्यासंग सेल्फी काढून राहिला — राग नका धरू, वय हाय त्याचं. म्या बी काढू देला. आता सवय झाली. धंतोलीत कुठं चहा प्याले उभा राह्यलो तरी कोणी ना कोणी म्हणते, काका, एक नंबर बोलले तुमी. बावीस वर्षं झाली मले या दवाखान्यात येता येता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटची छाती, पोट, पाय, डॉक्टर सांगन ते साफ कराचं — बावीस वर्षांत एका बी पेशंटनं नाव नाही विचारलं माहं. 'न्हाव्याले बोलवा.' बस. अन् एका मिनिटाच्या व्हिडिओनं — हात खाली ठेवा मनोहरराव. असा. ढिला सोडा.

तुमी पाह्यली काय ते जाहिरात? मान नका हालवू, मीच सांगतो. एक बाप आरशापुढं दाढी करून राहिला. बाजूले त्याचा पोट्टा, सात-आठ वर्षांचा, कुत्रं मेलं म्हणून रडून राहिला. बाप त्याच्याकडं पाहत बी नाही. म्हणते, मर्द हायेस ना, मर्द कुठं रडते काय. पोट्टा डोळे पुसते. मंग तोच पोट्टा शाळेत दुसऱ्याले ढकलते, मोठा होते तर बायकोवर खेकसते — अन् शेवटी आरशात कोण, तर हाच, दाढी करून राहिला, अन् बाजूले याचा पोट्टा. खाली लिहून येते, 'तो तुम्हाला पाहतोय.' झालं. आता सांगा, ब्लेड विकाचं तं ब्लेड विका ना बाप्पा. धार दाखवा, गुळगुळीत गाल दाखवा. हे कायले पायजे मधात?

माह्या सलूनमधे तर सगळ्याइचं डोकं फिरलं. एक म्हणे मर्दाइले बदनाम करून राहिले, दुसरा म्हणे आता पोराले वळण लावाची बी चोरी. आमच्या सलूनवाल्याइच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नाही. मंग म्या काय केलं — त्या कंपनीचं दुकानात जे होतं नव्हतं ते, रेझर, फोम, ब्लेडचे पुडे, सगळं दुकानापुढं बकेटीत ओतलं, वरून पाणी टाकलं, अन् एका गिऱ्हाइकाले म्हणलं, माह्याच फोनात काढ व्हिडिओ अन् टाक. 'आमाले दाढी कराले ब्लेड पायजे, बाप कसं व्हाचं ते शिकाले नाही.' एवढंच बोललो. दीड लाख लोकाइनं पाह्यला. दीड लाख. हसू नका जी, पोट हालते तुमचं. हो, हे हातातलं ब्लेड त्याच कंपनीचं हाय, पाह्यलं म्या तुमी पुड्याकडं पाह्यलं ते — दवाखान्याच्या स्टोअरमधून येते, मी काय करू. अन् धार चांगली हाय त्याची, खोटं कायले बोलू.

आता सगळेच काही वाहवा करत नाहीत. रामदासपेठेतून कॉलेजच्या चार पोरी आल्या, दुकानाच्या दारात उभ्या राहून मलेच विचारते — काका, तुमी कधी रडले काय? म्या म्हणलं, खुर्चीत गिऱ्हाइक हाय, बाजूले व्हा. अन् इथल्या यमुताई, ज्याइनं तुमाले हा गाऊन घालून देला त्या, फरशी पुसता पुसता म्हणे, 'जितेंद्रभाऊ, त्या जाहिरातीत खोटं काय हाय तेवढं सांगा.' म्या म्हणलं, यमुताई, तुमाले नाही समजाचं ते. तं म्हणे, 'बाप, नवरा, चार भाऊ, दोन पोट्टे — एवढ्याइले जेवू घातलं म्या, मले नाही समजन तं कोणाले समजन?' अन् बकेट उचलून चालल्या गेल्या. लोकं असेच. व्हिडिओखाली बी कोणत्या तरी पोरीनं लिहिलं, 'या काकांच्या मुलाचं काय झालं असेल, देव जाणे.' म्या हसलो. दुकानात सगळ्याइले वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिच्याखाली एकानं लिहिलं, 'मीच तो मुलगा.' दोनच शब्द — नाही, तीन. नाव पाह्यलं तर रजत. माहा रजत. आठशे लोकाइनं त्याले विचारलं, सांग ना, काय झालं सांग. त्यानं पुढं एक अक्षर नाही लिहिलं. त्यानं शिव्या देल्या असत्या तर बरं वाटलं असतं मले.

वाजू द्या तो फोन. ब्लेड हातात हाय. रजतच असन. लग्न जमलं त्याचं, रविवारी साक्षगंध हाय, हैदराबादले, पोरगी तिथलीच, त्याच्याच कंपनीतली. आज शुक्रवार. म्हणे, 'बाबा, तो व्हिडिओ काढून टाका अन् या. नाही काढत तर येऊ नका.' आता दीड लाख लोकाइनं पाह्यलेला व्हिडिओ, ग्रुपवर सगळे मले भाऊ भाऊ करून राहिले, अन् मी काढला तर काय म्हणतील — बायकोवाणी पलटला म्हणतील. पण पोराचं साक्षगंध. एकच पोरगा हाय जी. तीन दिवस झाले, झोप नाही. खातो तर खाल्ल्यावाणी वाटत नाही.

रीना गेली तवा तो चवदा वर्षांचा. याच दवाखान्यात गेली — इथं नाही, खालच्या मजल्यावर, ऑपरेशन झाल्यावर — ते सोडा, तुमचं तसं काही नाही, तुमचे डॉक्टर लय हुशार हायेत. दहाव्याले घाटावर मुंडन. आता आमच्यात रीत अशी, का घरात सुतक असलं का न्हाव्यानं आपण वस्तरा नाही धराचा, समाजातला दुसरा येते. आला बी होता. पण म्या म्हणलं, माह्या पोराचं डोकं मी दुसऱ्याच्या हातात नाही देत. इतकी वर्षं लोकाइचे डोके केले, अन् आपल्या पोराचं — तिथंच चुकलं. बाप बाजूले बसाले पायजे होता, अन् मी वस्तरा घेऊन मागं बसलो. पोट्टा हुंदके देऊन राहिला, डोकं हालून राहिलं. म्हणलं हालू नको. पुन्यांदा म्हणलं. मंग एक ठेवून देली कानाखाली, सगळ्या सोयऱ्याइपुढं — मर्द हायेस का बाई? वस्तरा होता ना जी हातात. कापलं असतं तर? कोणताबी बाप हेच करन. त्याचा मामाबी म्हणे, बरोबर केलं. तवापासून पोट्टा रडला नाही. बोलला बी नाही तसा. हाओ, नाही, जेवलो, येतो, एवढंच. बारावी झाली अन् गेला.

आता तो म्हणते, 'म्या त्या हैदराबादच्या पोरीले घाटावरचं सांगतलं.' म्या म्हणलं, वस्तरा हातात होता ते सांगतलं काय? ते बी सांग ना. हातात वस्तरा असला का माणूस — म्हणजे हातात नाही, पेटीत ठेवून राहिलो होतो. धुतला होता. डोकं झालं होतं त्याचं. तो उठला, अन् आंघोळीले जाच्या बदली माह्याकडंच आला, दोन्ही हात असे पुढं करून — अन् मले समजलं, का हा आता गळ्यात पडते. अन् पडला असता तर मी बी — सगळे सोयरे पाहून राहिले होते जी. मामा होता, काका होते, बाया तिकडं उभ्या होत्या. रीनाले जाऊन दहा दिवस झाले होते अन् म्या कोणापुढं एक थेंब काढला नव्हता. म्हणून मारलं. तो जवळ येऊ नाही म्हणून मारलं.

हे म्या कोणाले सांगतलं नव्हतं.

थांबा, हे काय? साबण गेला काय डोळ्यात? साबण तं छातीले लावला म्या. अहो मनोहरराव, उद्या लवकर उठाचं हाय, तुमी असं केल्यावर — काही नाही होत जी, मर्द माणूस तुमी, असं —

हे मी सगळ्याइले म्हणतो. याच खाटेवर, बावीस वर्षं. ब्लेड लावलं का लोकं रडते, सगळेच नाही पण लय जण रडते, मोठे मोठे पाटील बी. मी म्हणतो, मर्द माणूस तुमी. अन् ते गप बसते. मले वाटे, धीर आला त्याइले.

काय? दार? दार लावू म्हणता? ऋषिकेश पाहीन म्हणून? बरं, लावतो. पुसू नका तुमी हातानं, हाताले साबण हाय. लावतो दार.

ऋषिकेश. आत ये गा. नाही, काही झालं नाही, डॉक्टरले नको बोलावू. बाबा रडून राहिले तुह्ये. भेव वाटून राहिलं त्याइले, बस. जवळ बस त्याइच्या. चूप नको करू, काही बोलू बी नको, हात धर फक्त — नाराज नका होऊ मनोहरराव, मले नाही जमलं दार लावाचं. अर्धी छाती राहिली हाय, ते मंग करतो मी. मी बाहेर बाकावर हावो. घाई नाही. सगळं झालं का मंग ये गा तू बाहेर, अन् तो व्हिडिओ डिलीट कसा करते ते दाखव मले, मले येत नाही. लोकाइच्या फोनात राहीन तो राहीन. माह्यातून तं जाईन. माह्याकडं काय पाहून राहिला? तिकडं पाह्य. बापाकडं.