गुरुवारचा खोकला

छातीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर सोळावा होता. समोरच्या बाकावरचे आजोबा खोकले, तशा त्यांच्या शेजारच्या बाई दचकल्या.

“अहो, तुम्ही गुरुवारच्या ध्यानाला येता ना? खोकल्यावरून ओळखलं.”

“तोंडावरून नाही?”

“तोंड कधी पाहिलंय? डोळे मिटायचे, सगळ्यांचं भलं चिंतायचं आणि न बोलता घरी जायचं. नियमच आहे ना तिथला.”

“उठताना गुडघा कटकन वाजतो, त्या तुम्हीच का? दोन वर्षं शेजारी बसतोय मी तुमच्या.”

“मीच ती. मधे महिनाभर आला नव्हतात.”

“अंथरुणाला खिळलो होतो. वाटलं, कोणीतरी डोकावेल.”

“खोटं कशाला बोलू, मला वाटलं, सुटले बाई एकदाची. काय छान ध्यान लागलं त्या महिन्यात! ‘जो एकटा असेल, आजारी असेल, त्याचं बरं होवो’ म्हणताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

“मग पोचलं असेल माझ्यापर्यंत.”

आतून नर्स आली.

“चौदा नंबर! घशातून नळी घालायची आहे, गुंगीचं इंजेक्शन देणार. सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग आज नाही होणार, आजोबा.”

“मी आहे की सोबत!” बाई उठल्या. गुडघा कटकन वाजला.

“मग इथे पेशंटचं पूर्ण नाव लिहा आणि खाली सही करा.”

बाईंनी कागदावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

“काका, तुमचं नाव काय हो?”