डिकीतली देवळी

नाही, पण मी काय म्हणतो, थांबायचं तरी किती वेळा माणसानं? उत्तरेच्या व्होलोसहून इकडे दक्षिणेच्या टोकाला मानीला यायला सहा तास लागतात, सहा! पस्तीस वर्षं प्रवाशांची बस हाकलीय मी, हा रस्ता डोळे मिटून... बरं, डोळ्यांचं राहू दे, डोळ्यांवर नंतर येतो. तर सहा तासांचा रस्ता आणि आज आमचा दिवस कितवा? नववा! नऊ दिवसांत गाढव पोचलं असतं आणि नातेवाइकांशी भांडून परतसुद्धा निघालं असतं. का, तर आमच्या बाईसाहेबांना घाई नाही. "घाई कसली रे लाझारोस? आपल्याला काय बस पकडायचीय?" घ्या! जिनं पस्तीस वर्षं बसवाल्याचे शर्ट धुतले, ती मला विचारते, बस पकडायचीय का!

तिचं नावच मुळी स्टामातिया, म्हणजे थांबवणारी. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं वैतागून ठेवलं, की आता थांबा म्हणावं. मुली काही थांबल्या नाहीत, पुढे आणखी दोन झाल्या, पण थांबायचं जे खूळ शिरलं ते हिच्या डोक्यात. आता आपल्या घाटांत वळणावळणाला देवळ्या असतात, तुम्हाला काय सांगायचं... कोणी दरीत गेलं, कोणी ट्रकखाली गेलं, की घरचे तिथं पत्र्याची देवळी उभी करतात, काचेचं दार, आत संताची तसबीर, गेलेल्याचा फोटो, तेलाचा दिवा. मी आपला बसमधून जाता जाता छातीवर क्रूस काढायचो नि पुढचा गिअर टाकायचो, झालं! पण ही? दिवा विझलेला दिसला की, "थांब!" उतरायचं, तेलाची बाटली काढायची, वात सारखी करायची, दिवा लावायचा आणि वर त्या फोटोशी गप्पा. "कुणाचा रे तू? एवढासा तर दिसतोस. आई येते का रे तेल घालायला?" अगं, तो काय उत्तर देणार आहे? आणि मी गाडीत बसून मिशी चावतोय, मागचे हॉर्न मारतायत, आणि मेलेल्यांची विचारपूस चाललीय!

हे एक वेळ चालवून घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी, लामिया सोडल्यावर, रस्त्याच्या कडेला नव्या कोऱ्या देवळ्या विकायला मांडलेल्या. निळ्या, पांढऱ्या, घुमटवाल्या. "थांब!" थांबलो. मला वाटलं, नुसती बघेल. कसली बघतेय! अर्ध्या तासानं त्या दुकानदाराच्या खांद्यावर निळी देवळी आणि पुढे ही. म्हटलं, "कोणासाठी?" तर म्हणते, "असू दे हाताशी." हाताशी! अहो, छत्री ठेवतात हाताशी, गुडघ्याचा मलम ठेवतात, देवळी कोणी हाताशी ठेवतं का? आणि ती डिकीत मावेना. मग डिकीचं झाकण उघडं, दोरीनं आवळलेलं, आणि मागून येणाऱ्या सगळ्या जगाला दिसतंय... पुढे म्हातारा, शेजारी म्हातारी आणि मागे त्यांची देवळी, आत फोटोची चौकट... रिकामी!

मग काय, गावोगाव आमचं दुःख आमच्याआधी पोचायला लागलं. कॉफी प्यायला कुठे टेकलो की पत्ते खेळणारे पत्ते पालथे घालून उभेच राहायचे. दुकानदार न मागता कॉफीबरोबर ब्रँडी आणायचा, मयतानंतर देतात तशी. "कोण गेलं हो काका?" मी म्हणायचो, "अजून कोणी नाही." त्यावर तो असा बघायचा माझ्याकडे... जसं काही मी कुणाला तरी मारायलाच निघालोय!

आणि आपल्या इथल्या त्रिपोलीच्या अलीकडे तर समोरून काळा झगा घालून पाद्रीच आला. प्रवासात पाद्री आडवा, म्हणजे अपशकुनच! मी तीनदा थुंकलो, खिडकीतून, हळूच. पण त्याची नजर डिकीवर. आला जवळ, दाढी कुरवाळली, खोल आवाजात म्हणतो, "मुला, प्रार्थना म्हणतो, मृताचं नाव सांग." मी शहात्तर वर्षांचा मुलगा! मी म्हटलं, "बाबा, अजून कोणी नाही." तर ही शेजारून काय म्हणाली असेल? "म्हणून ठेवा बाबा, नाव मागाहून घाला!" आणि त्यानं म्हटली की हो! रस्त्यात उभं राहून, डोळे मिटून, सगळी! माझ्या पाठीवरून घाम चाललेला.

आता जरा जवळ या. ती समोर कलिंगड निवडतेय, तिला एक कलिंगड घ्यायला पंधरा ठोकावी लागतात, तेवढ्यात सांगून घेतो. माझा हा उजवा डोळा... गेलाय. दोन वर्षं काचेवर धूळ बसल्यासारखा होता आणि या हिवाळ्यापासून पार अंधार. कुणाला बोललो नाही. पुढच्या महिन्यात परवान्याची तपासणी, तिथं कळणारच, म्हणून म्हटलं, शेवटची एक खेप मारून घेऊ, मानीपर्यंत, बायकोला घेऊन, मग किल्ली खिळ्याला. पण स्टिअरिंग डावीकडे, मग बायको बसते कुठे? उजवीकडे! माझ्या आंधळ्या बाजूला! पन्नास वर्षं नांदलेली बायको शेजारी पिस्ते सोलतेय आणि मान पूर्ण वळवल्याशिवाय ती मला दिसत नाही. तिचा आवाज तेवढा येतो. "उजवीकडे बकरी. उजवीकडे दगड. उजवीकडे म्हातारा, काठीवाला." मी ओरडायचो, "दिसतंय मला! पस्तीस वर्षं एका कोंबडीला धक्का लावला नाही!" कसलं दिसतंय... बकरी माझ्या लेखी कोंबडीएवढीसुद्धा नव्हती. वळण आलं की तोंड कोरडं पडायचं. मला माझी भीती नव्हती हो. काही लागलं असतं तर तिच्याच बाजूला लागलं असतं.

आणि एकदा लागता लागता राहिलंय. गेल्या ईस्टरला, टायगेटोसच्या घाटात, उजवं चाक रस्ता सोडून बाहेर. खालची खडी सुटली, घरंगळली... आणि ती खाली पोचल्याचा आवाज मला आलाच नाही. इतकं खोल. बाईसाहेब शेजारी गाढ झोपलेल्या, तोंड उघडं. मी श्वास धरून मागे घेतली, गप्प राहिलो. मेल्यावरसुद्धा सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

बरं, एवढं पुरे नव्हतं म्हणून सातव्या दिवशी तिच्या पर्समध्ये माझी गोळी शोधायला गेलो, तर पाकीट. पाकिटात चार फोटो. हिचे! केस सेट केलेले, मोत्यांची माळ, अगदी समोर बघून, गंभीर. आता मला सांगा, एकाहत्तराव्या वर्षी बाईमाणूस फोटो काढून घेतं ते कशाला? आणि डिकीत चौकट रिकामी! एकदम सगळं जुळलं हो... फेब्रुवारीत दोनदा एकटीच डॉक्टरकडे गेली होती, "काही नाही, सहज" म्हणाली होती. घाई नाही म्हणते. दर विझलेल्या दिव्याशी बोलते, जशी काही राहायला जायच्या आधी शेजारपाजार बघून ठेवतेय! विचारायचं धाडस होईना. त्या दिवसापासून मी कुरकुर केली नाही, देवाशपथ. ती म्हणायच्या आत मीच थांबायला लागलो. एका देवळीत तर मीच वात लावली, बोटं भाजली, आणि रडलो. ती म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "धूर." धूर कुठला, वात पेटलीसुद्धा नव्हती नीट.

आणि आज सकाळी तोच घाट. वळण आलं आणि ही म्हणाली, "थांब." इथं तर देवळी नाही, दिवा नाही, काही नाही. नुसती कड. मी ओळखलं... तीच जागा. ती उतरली. "काढ डिकीतून." दोघांनी मिळून ती देवळी उभी केली, पायांना दगड लावले, तिनं संत निकोलस आत ठेवला, तेल ओतलं. शेवटी विचारलंच, "स्टामातिया, कोणासाठी गं?"

"आपल्यासाठी. वाचतात तेही बांधतात की रे, विसरलास?"

"आपण कधी वाचलो?"

"ईस्टरला. मी जागी होते."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर दचकला असतास तू. म्हटलं, मरायचंच असेल तर निदान नवऱ्याला शांतपणे चालवू दे." वर म्हणते, "घडोघडी थांबवते ते काय मला मेलेल्यांचा पुळका आहे म्हणून? तुझा एकच डोळा आहे, तो दमतो. आता यापुढे गाडी जमायची नाही तुला."

मी तापलो. माणूस तापतोच! म्हटलं, "कोण म्हणतं एक डोळा? दोन्ही शाबूत आहेत!" ती माझ्या उजव्या बाजूला उभी. "बरं, किती बोटं दाखवतेय सांग." मी क्षणभर विचार केला. बायका साधारण किती दाखवतात? म्हटलं, "तीन!"

"लाझारोस, मी हात वरच केलेला नाही. पिस्ते सोलतेय मी."

संपलं. पण फोटोंचं मनातून जाईना. म्हटलं, "आणि ते फोटो? डॉक्टर?" तर ही पोट धरून हसायला लागली, दरीच्या काठावर, एवढ्या हसण्यानं माणूस पडायचा! परवाना! विसाव्या वर्षी काढला होता तिनं परवाना, आणि मी लग्नानंतर म्हटलं होतं, "घरात एक ड्रायव्हर पुरे." तेव्हापासून तो कपाटात चादरींखाली. फेब्रुवारीत डॉक्टरकडे गेली होती ती डोळे तपासून घ्यायला. दोन्ही उत्तम निघाले, मेले! तो परवाना नवा करून घेतला, माझ्या नाकाखाली. मी इतका खूश झालो, ती मरत नाही म्हणून, की तिनं हात पुढे केला आणि मी किल्ली दिलीसुद्धा. पस्तीस वर्षांची किल्ली! दिल्यावर कळलं काय केलं ते.

कारण तुम्हाला सांगतो, ती पन्नास वर्षांत एकदाही चालवलेली नाही! घाट उतरताना पहिला गिअर असा किंचाळत होता, मागे ट्रकांची मिरवणूक, आणि ही दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकलेली, "क्लच कुठला रे? मधला?" अहो, मधला ब्रेक! आणि थांबायचं नावच घेत नाही आता! नऊ दिवस थांब-थांब, आणि हाती गाडी आली तशी, "थांबले तर परत सुरू कशी करू?" इथंसुद्धा दुकानाच्या खांबाला टेकली तेव्हा थांबली. हा तुमचा खांब वाकलाय ना, तो आम्हीच. कॉफीवाल्यानं धावत येऊन विचारलं, "कोणाला लागलं?" म्हटलं, "अजून कोणी नाही."

आणि इथून मानी अजून दोन तास, सगळा रस्ता कड्याच्या काठाकाठानं, खाली सरळ समुद्र. आली बघा, कलिंगड मिळालं वाटतं... आलो गं, आलो! चला मंडळी, सांभाळा. कडा उजवीकडे आहे आणि मीही आता उजवीकडेच बसतो. पण देव अगदीच निष्ठुर नाही हो... त्या बाजूचं मला काही दिसत नाही.