दोन पानं राह्यली

वाचनानं तब्येत सुधारते, हे मला मान्य आहे. फक्त एका घरात दोघांनी एकच पुस्तक वाचू नये.

आमचे काका, त्यांना सगळे नाना म्हणत, सावद्याला केळी लावायचे. तेव्हा केळी रेल्वेनं दिल्लीला जायची. घड कापून स्टेशनावर नेले आणि वॅगन वेळेवर लागली नाही, की नानांचं बीपी चढायचं. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "नाना, रुळांकडे बघत बसू नका. पुस्तक वाचा."

नानांनी वाचनालयातून एक जाडजूड रहस्यकथा आणली आणि मालधक्क्यावर घडांना टेकून वाचत बसले. दुपारी वॅगन लागली. हमाल म्हणाला, "नाना, माल भरू का?"

"थांब, दोन पानं राह्यली."

वॅगन शेजाऱ्यांची केळी घेऊन निघून गेली.

आता यांना झटकाच येणार, म्हणून काकूंनी नानांना थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी मोजलं, तर अगदी नॉर्मल. काकू म्हणाल्या, "आता माझं पाहा." त्यांचं भलतंच चढलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांनाही तेच औषध सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नाना मळ्यातून भुकेनं कासावीस होऊन घरी आले, तर चूल थंडगार आणि काकूंच्या हातात तीच रहस्यकथा.

"अवो, भाकरी?"

"थांबा, दोन पानं राह्यली."

नाना शांतपणे पाटावर बसले. म्हणाले, "भाकरी टाकता, का खुनी कोण ते सांगू?"