गफूरभाईंचा पाव फेरा

आमच्या नायट्रो गाडीचं तुम्हाला सांगितलंच न्हाई की! रिमोटवर पळणारी, हातभर लांब, पण इंजिन खरंखुरं. मी आन् माझा दोस्त संजयनं मिळून घेतल्ती. परतूरच्या मैदानावर औरंगाबादवाल्यांशी शर्यत ठरली, आन् सरावातच गाडी दोन चकरा मारून बंद! थंड झाली की चालू, गरम झाली की बंद.

मी म्हणलं, "इंधन जास्त जाऊन राह्यलंय." कार्बोरेटरचा स्क्रू अजून आवळला, तर एकाच चकरीत बंद!

संजय म्हणे, "जाऊ दे, शर्यतीतून नाव काढून घेऊ."

तिथं फवारणी पंप दुरुस्त करणारे गफूरभाई बघायला आल्ते. त्यांनी इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला. छन्न! जागीच उडाला.

"धुआँ किधर है?" त्यांनी विचारलं.

धूर नव्हताच.

"भूका है बेचारा. तेल कम, गर्मी ज्यादा. तुम उल्टा कस रहे!"

त्यांनी स्क्रू फक्त पाव फेरा सैल करून तेल वाढवलं. मागून निळा धूर सुटला, आन् आवाज असा खणखणीत झाला की माझ्या अंगावर काटा आला!

शर्यतीत शेवटच्या चकरीपर्यंत औरंगाबादची गाडी पुढं. संजय ओरडला, "दाब, दाब!" मी रिमोटचा खटका पार दाबला. वळणावर आमची गाडी आतून भर्रकन घुसली आन् जिंकलो!

मी पळत जाऊन गाडी उचलली, ती नेमकी सायलेन्सरला धरून. हात पोळला, पण सोडली न्हाई. तवा काढलेल्या फोटोत मी हसून राह्यलोय का बोंबलून राह्यलोय, माझ्या बायकोला अजून कळलं न्हाई.